मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे हक्क आणि कायद्यातील सुधारणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसिक आरोग्याच्या कायद्यात बदल करण्याचा विषय निघाला की रुग्ण, त्यांचे कुटुंबीय, डॉक्टर आणि वकील काही ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वेगवेगळ्या देशांनी काय करून पाहिले, त्यातले काय टिकले आणि काय कागदावरच राहिले, याचे दाखले जागोजागी येतील.

मानसिक आजारासाठी वेगळा कायदा लागतोच कशाला? मधुमेहासाठी तर असा कायदा नसतो.

आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आजाराच्या स्वरूपापेक्षा राज्यसंस्थेच्या अधिकारात शोधावे लागते. मधुमेह असलेल्या माणसाने औषध नाकारले तर डॉक्टर त्याची समजूत घालतात. त्याला पोलिसांच्या गाडीतून नेऊन इंजेक्शन देत नाहीत. मानसिक आजाराच्या बाबतीत मात्र जवळजवळ प्रत्येक देशाने, कोणताही गुन्हा केलेला नसलेल्या माणसाला कोंडून ठेवण्याचा आणि त्याच्या संमतीशिवाय उपचार करण्याचा अधिकार कोणाला ना कोणाला दिलेला आहे. इतका मोठा अधिकार अस्तित्वात असेल तर तो कोणी वापरायचा, किती दिवस वापरायचा आणि त्याचा जाब कोणापुढे द्यायचा, हे लिहून ठेवावेच लागते.

वेगळा कायदाच नको, असे मानणारा एक विचारप्रवाहही आहे. आजार शारीरिक असो वा मानसिक, निर्णय घेण्याची क्षमता तात्पुरती हरपली असेल तर सर्वांना एकच नियम लागू व्हावा, अशी त्याची मांडणी आहे. उत्तर आयर्लंडने २०१६ मध्ये याच तत्त्वावर कायदा संमत केला; परंतु त्याचा फक्त काही भाग २०१९ मध्ये अमलात आला. तत्त्व म्हणून ही मांडणी मला अधिक सुसंगत वाटते, पण ती राबवायला सोपी नाही हे त्या अनुभवावरून दिसते.

जुन्या कायद्यांमध्ये नेमके काय चुकीचे होते?

त्यांचा हेतू वेगळा होता. इंग्लंडचा १८९० चा ल्युनसी अ‍ॅक्ट (वेडेपणाविषयीचा कायदा) किंवा त्याच्या छायेत तयार झालेला भारतातील १९१२ चा कायदा घ्या. माणसाला वेडा ठरवण्याची आणि आश्रमात दाखल करण्याची रीत सांगणे, त्याच्या मालमत्तेची व्यवस्था लावणे आणि समाजाला त्याच्यापासून दूर ठेवणे, हे त्यांचे काम होते. भिंतींच्या आत त्या माणसाला काय मागता येईल, याबद्दल त्यांत फारसे काही नव्हते.

हे कायदे फार काळ टिकले. आयर्लंडमध्ये १८७१ चा ल्युनसी रेग्युलेशन कायदा २०२३ सालापर्यंत लागू होता. गांबियातील अशाच एका जुन्या कायद्याविरुद्ध आफ्रिकी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार गेली, तेव्हा दाखल झालेल्या व्यक्तीला त्या निर्णयाला आव्हान देण्याचा मार्गच त्या कायद्यात नाही आणि अशा रुग्णांना मतदानही करू दिले जात नाही, ही बाब समोर आली. २००३ मध्ये आयोगाने कायदा बदलण्यास सांगितले.

२००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने कोणता बदल घडवला?

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९१ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या संरक्षणासाठी काही तत्त्वे स्वीकारली होती. ती बंधनकारक नव्हती आणि त्यांत संमतीविना उपचाराला बरीच मोकळीक होती. १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेलेला आणि ३ मे २००८ पासून अमलात आलेला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार त्याच्या बराच पुढे गेला. दीर्घकालीन मानसिक आजारामुळे आणि समाजातील अडथळ्यांमुळे ज्यांना बरोबरीने जगता येत नाही, त्यांनाही या करारात स्थान मिळाले.

त्यातील दोन कलमे कायदासुधारणेच्या चर्चेत सतत येतात. बाराव्या कलमानुसार प्रत्येक व्यक्तीला कायद्यापुढे इतरांइतकीच क्षमता आहे, आणि ती वापरण्यासाठी मदत लागत असेल तर ती उपलब्ध करून देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. चौदावे कलम सांगते की केवळ दिव्यांगत्व आहे म्हणून कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. कराराच्या देखरेख समितीने २०१४ मध्ये बाराव्या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना, दुसऱ्याने त्या व्यक्तीच्या वतीने निर्णय घेण्याची पद्धत बंद करून आधारासह निर्णयाची पद्धत आणावी, अशी भूमिका घेतली. सक्तीचे उपचार पूर्णपणे थांबवावेत, असाही या समितीचा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क कार्यालय यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले कायदेविषयक मार्गदर्शनही त्याच दिशेने जाते.

बहुतेक देश अजून तिथवर पोहोचलेले नाहीत. करारावर सही करूनही त्यांनी मर्यादित सक्ती कायम ठेवली आहे. समितीचा आग्रह आणि देशांचे कायदे यांच्यातील हे अंतर खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

एखाद्याला निर्णय घेता येतो की नाही, हे ठरवायचे कोणी आणि कसे?

जुनी पद्धत निदानावर चालत असे. स्किझोफ्रेनिया आहे ना, मग या माणसाला काही कळत नाही, असे एकदा ठरले की पैशापासून औषधापर्यंत सगळे निर्णय एका फटक्यात दुसऱ्याकडे जात. आताचे कायदे निदानाकडे न पाहता त्या त्या निर्णयाकडे पाहतात. समोर ठेवलेली माहिती व्यक्तीला समजते का, निर्णयाचा परिणाम काय होईल याचा अंदाज तिला येतो का, आणि आपले म्हणणे ती बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने सांगू शकते का, एवढेच तपासायचे असते. सकाळी गोंधळलेली व्यक्ती संध्याकाळी नीट बोलू शकते. औषध बदलण्याबाबत जिला आज ठरवता येत नाही, तिला आपल्याला कोणी भेटायला यावे हे मात्र नक्की सांगता येते.

इंग्लंड आणि वेल्ससाठीचा २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट (निर्णयक्षमतेविषयीचा कायदा) स्पष्ट म्हणतो की एखादा निर्णय शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून व्यक्तीला निर्णयक्षमता नाही असे मानता येणार नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील चौथ्या कलमातही याच आशयाची तरतूद आहे. या वाक्याचे महत्त्व प्रत्यक्ष वॉर्डात कळते. रुग्ण डॉक्टरांशी सहमत असेपर्यंत त्याच्या क्षमतेबद्दल कोणालाच शंका नसते. तो नाही म्हणाला की लगेच क्षमतेची तपासणी सुरू होते.

कोणाला मानसिक आजार आहे हे ठरवण्याचे निकष कायद्यात असावेत का?

असावेत, आणि कोणत्या गोष्टींना आजार म्हणायचे नाही हे तर अधिक स्पष्ट लिहिलेले असावे. सोव्हिएत संघात सरकारच्या विरोधकांना मनोरुग्ण ठरवून कोंडण्यात आले. त्यावरून वाद इतका पेटला की १९८३ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांची संघटना जागतिक संघटनेतून बाहेर पडली. भारतीय कायद्याने निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच व्हावे असे सांगून, राजकीय मत, सामाजिक वा आर्थिक स्थान, धर्म किंवा समाजात रूढ असलेल्या नीतिकल्पनांशी न जुळणे या कारणांवरून कोणालाही मानसिक आजारी ठरवण्यास मनाई केली आहे. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हे कलम किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

कायदेशीर पालकच नको म्हटले, तर व्यवहार कोणी पाहायचे?

हा प्रश्न बहुधा वयोवृद्ध आईवडील विचारतात आणि त्यांची काळजी खरी असते. पालक नेमण्याच्या, म्हणजे प्रौढ माणसाचे निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने दुसऱ्याला देण्याच्या पद्धतीत नेमके काय बिघडते, ते आधी पाहू. युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे २००८ मध्ये निकाली निघालेल्या रशियाविरुद्धच्या एका खटल्यात, अर्जदाराला स्थानिक न्यायालयाने त्याच्या नकळत अक्षम ठरवले होते आणि ती सुनावणी दहा मिनिटांत उरकली होती. आपण कायद्याच्या दृष्टीने सज्ञान उरलो नाही, हे त्याला नंतर योगायोगाने कळले. पुढे पालकाच्या संमतीने त्याला रुग्णालयात दाखल केले गेले, आणि ती संमती कायद्याच्या लेखी त्याचीच धरली गेली, त्यामुळे दाद मागण्याचा रस्ताही बंद झाला. बल्गेरियाविरुद्धच्या २०१२ च्या खटल्यातील माणूस डोंगरातल्या एका दूरच्या निवासगृहात वर्षानुवर्षे राहिला. पालकाच्या सहीवर त्याला तिथे ठेवले होते, आणि न्यायालयाने तिथली स्थिती अमानुष ठरवली.

पर्याय कल्पनेतला नाही. पेरूने २०१८ मध्ये नागरी कायद्यात मोठा बदल करून दिव्यांग प्रौढांसाठीचे पालकत्व जवळपास संपवले. व्यक्ती स्वतः आपले आधार देणारे लोक नोटरीपुढे किंवा न्यायालयात नेमू शकते. कोलंबियाने २०१९ मध्ये आणि स्पेनने २०२१ मध्ये त्याच वाटेने पाऊल टाकले. आयर्लंडच्या २०१५ च्या कायद्यात, जो २०२३ मध्ये अमलात आला, आधाराच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा मदतनीस फक्त माहिती मिळवून ती समजावून सांगतो. दुसऱ्या पायरीवरची व्यक्ती संबंधित माणसासोबत मिळून निर्णय घेते. यांपैकी काहीच पुरेसे नसेल तेव्हा न्यायालय एखाद्या ठरावीक बाबीपुरता प्रतिनिधी नेमते. स्वीडनमध्ये २००० पासून देशभर चालणारी ‘वैयक्तिक ओम्बुड’ ही सेवाही अभ्यासण्यासारखी आहे: हा माणूस डॉक्टरांचा नाही, नातेवाइकांचा नाही आणि कचेरीचाही नाही, तो फक्त त्या व्यक्तीच्या सांगण्यावरून काम करतो.

आईवडिलांना उत्तर द्यायचे तर असे देता येईल: मुलाच्या वतीने सही करणारा माणूस शोधण्याऐवजी, त्याला सही करताना मदत करतील अशी दोन-तीन विश्वासू माणसे आतापासून ठरवा, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे का ते तपासा. पैशाच्या व्यवहारात गैरफायदा घेतला जाण्याचा धोका आधाराच्या पद्धतीतही आहे; त्यामुळे हिशेब तपासणारी यंत्रणा नसेल तर हा बदल अपुराच राहील.

आगाऊ निर्देश म्हणजे काय? आणीबाणीत तो उपयोगी पडतो का?

बरे असताना, पुढे आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे लिहून ठेवणे म्हणजे आगाऊ निर्देश. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यात आणि भारताच्या २०१७ च्या कायद्यात त्याची तरतूद आहे. भारतात त्याच्या जोडीला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो आणि तो रक्ताच्या नात्यातला असलाच पाहिजे असे नाही. ज्यांचा छळ घरातच होतो, त्यांच्यासाठी ही सवलत निर्णायक ठरू शकते.

निर्देश चांगला लिहिला तर डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो. ‘अमुक औषधाने माझे अंग ताठ होते, तमुक औषध आधी लागू पडले होते, मला दाखल केले तर मुलीला कळवा आणि भावाला कळवू नका’ असे चार ओळींचे लेखन दहा पानी घोषणापत्रापेक्षा अधिक कामाचे असते. अडचण अशी की निर्देश मध्यरात्री, अपरिचित रुग्णालयात सापडला पाहिजे, आणि तो डावलायचा असेल तर डॉक्टरांनी लेखी कारण देऊन अशा निर्णयांची तपासणी करणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाकडे किंवा न्यायालयाकडे जायला हवे. या दोन गोष्टींची सोय नसलेल्या कायद्यात आगाऊ निर्देश ही शोभेची वस्तू होते. जिवावर बेतलेल्या आणीबाणीत बहुतेक कायदे तातडीच्या उपचारांना निर्देशापेक्षा प्राधान्य देतात.

एखाद्याला इच्छेविरुद्ध दाखल करणे केव्हा कायदेशीर ठरते?

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

नेदरलँड्सविरुद्धच्या १९७९ च्या विंटरवर्प खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तीन अटी घातल्या. आजार वस्तुनिष्ठ वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालेला असावा. तो इतका तीव्र असावा की डांबून ठेवणे अपरिहार्य व्हावे. आणि तो तसा टिकून असेपर्यंतच डांबणे चालू ठेवता येईल. यातली तिसरी अट सर्वाधिक मोडली जाते. त्याआधी १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे केनेथ डोनाल्डसन यांचे प्रकरण आले होते. फ्लोरिडातील रुग्णालयात त्यांना सुमारे १५ वर्षे ठेवले गेले, ते कोणाला धोकादायक नव्हते आणि बाहेर त्यांची जबाबदारी घ्यायला माणसे तयार होती. जो स्वतःच्या बळावर किंवा इच्छुक आप्तमित्रांच्या मदतीने बाहेर सुरक्षित राहू शकतो आणि धोकादायक नाही, त्याला राज्य केवळ कोंडून ठेवू शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. १९७९ मध्ये त्याच न्यायालयाने दीर्घ मुदतीच्या सक्तीच्या भरतीसाठी साध्या दिवाणी दाव्याहून वरच्या दर्जाचा, स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा आवश्यक मानला.

निकष कितीही सुबक असले तरी खरे संरक्षण मुदतींमध्ये असते. इटलीच्या १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्यात सक्तीच्या उपचारासाठी एका डॉक्टरचा प्रस्ताव लागतो, दुसऱ्या डॉक्टरची पुष्टी लागते, महापौराचा आदेश लागतो आणि तो ४८ तासांच्या आत न्यायाधीशाला कळवावा लागतो. न्यायाधीशालाही निर्णयासाठी तितकाच वेळ मिळतो. उपचाराची मुदत सात दिवसांची असते, आणि वाढवायची असेल तर कारणे द्यावी लागतात. डॉक्टर, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश या तिघांनाही सही करायला लावणारी ही रचना किचकट वाटेल. मला तिचे बलस्थान त्या किचकटपणातच दिसते, कारण स्वातंत्र्य काढून घेणे सोपे असू नये.

भारतात २०१७ च्या कायद्याच्या ८९ व्या कलमाखालील भरती नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर होते. त्यासाठी दोन व्यावसायिकांनी, ज्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असायलाच हवा, व्यक्तीला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांत, इतरांच्या बाबतीत सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. पुढे मुदत वाढवायची तर मंडळाची परवानगी लागते, आणि ती वाढ आधी ९०, मग १२०, त्यानंतर प्रत्येक वेळी १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे पहिल्या महिन्यातली कडक देखरेख पुढे हळूहळू सैल होत जाते. माझ्या मते हे उलटे असायला हवे होते: माणूस जितका अधिक काळ आत राहील तितकी तपासणी वारंवार व्हायला हवी.

आमच्या घरात रोज भीतीचे वातावरण असते. हक्कांच्या कायद्याने आम्हालाच अडचणीत टाकले नाही का?

कुटुंबीयांची ही तक्रार मनावर घेण्यासारखी आहे. रात्र रात्र जागणाऱ्या आईला तासांच्या मुदती आणि दोन डॉक्टरांच्या सह्या सांगणे क्रूरपणाचे वाटू शकते. मात्र बारकाईने पाहिले तर तिची अडचण सहसा कायद्यातील अटींमुळे नसते. बोलावल्यावर घरी येणारे पथक नसते, जवळच्या सर्वसाधारण रुग्णालयात खाट नसते, चार दिवस विसावा मिळेल अशी जागा नसते, आणि म्हणून भरती हा एकच उपाय उरतो. सेवा नसलेल्या ठिकाणी कायदा सैल केला तर कोंडणे सोपे होते, उपचार सोपे होत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. केवळ ‘धोका’ हाच निकष ठेवला तर मदत हवी असलेला माणूसही प्रकरण हाताबाहेर जाईपर्यंत ताटकळत राहतो. म्हणून स्वेच्छेने येणाऱ्याला विनाअट आणि ताबडतोब सेवा मिळण्याचा हक्क कायद्यात ठळकपणे असावा. भारतीय कायद्याचे १८ वे कलम शासनाने चालवलेल्या किंवा अनुदान दिलेल्या सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देते. कुटुंबांनी सरकारला सर्वाधिक वेळा आठवण करून द्यावी असे हे कलम आहे.

बांधून ठेवणे, एकांतात कोंडणे, शॉक देणे यांवर पूर्ण बंदी आहे का?

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. भारताच्या आजच्या कायद्यात साखळदंडांनी कोणत्याही रीतीने बांधण्यास बंदी आहे, एकांतकोठडीलाही बंदी आहे, आणि शारीरिक बंधन हे तत्काळ इजा टाळण्याचा एकमेव उपाय असेल तेव्हाच, नोंद ठेवून वापरता येते. शॉक म्हणजे ईसीटी (मेंदूला विजेचा सौम्य झटका देणे) ही उपचारपद्धती बेकायदेशीर नाही, परंतु भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता ती वापरता येत नाही. अल्पवयीन मुलांसाठी पालकाची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी दोन्ही लागतात. मानसिक आजारावरील उपचार म्हणून नसबंदी करण्यास स्पष्ट मनाई आहे.

केवळ बंदी लिहिल्याने प्रथा थांबत नाही. इंडोनेशियाने माणसांना साखळीने किंवा लाकडी खोड्यात अडकवून ठेवण्याची ‘पासुंग’ ही पद्धत १९७७ मध्ये बेकायदेशीर ठरवली, तरी ती पुढे कित्येक दशके आढळत राहिली. याउलट जर्मनीच्या संविधान न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला निकाल वेगळ्या पद्धतीने काम करतो. रुग्णाचे हातपाय पलंगाला बांधणे साधारण अर्ध्या तासाहून अधिक चालणार असेल तर ते स्वतंत्रपणे स्वातंत्र्य काढून घेणे ठरते आणि त्यासाठी न्यायाधीशाचा आदेश लागतो, मग तो माणूस आधीच कायदेशीररीत्या दाखल केलेला का असेना. बांधलेल्या रुग्णाजवळ एक प्रशिक्षित व्यक्ती सतत थांबली पाहिजे आणि सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत न्यायाधीश उपलब्ध असले पाहिजेत, असेही त्या निकालात आहे. प्रत्येक वेळी दूरध्वनी करून कारण सांगावे लागणार असेल, तर पट्टे कपाटातून काढण्याआधी कर्मचारी दुसरा उपाय शोधतातच.

मनोरुग्णालये बंद केली की प्रश्न सुटेल का?

इटलीने १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालयांतील नव्या भरत्या थांबवल्या. त्यामागे मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बासालिया यांचे गोरिझ्झिया आणि त्रिएस्ते येथील काम होते. त्रिएस्तेत भिंती उघडण्याआधी शहरभर चोवीस तास चालणारी मानसिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली होती. इतर प्रांतांत ही तयारी नव्हती, त्यामुळे तिथे जुनी रुग्णालये नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत रेंगाळली. कायदा एकच होता; फरक तयारीत पडला.

अमेरिकेची कथा अधिक कडवट आहे. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांच्या आसपास माणसे होती. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी समुदायातील केंद्रांसाठीच्या कायद्यावर सही केली, खाटा झपाट्याने कमी झाल्या, पण आखलेल्या केंद्रांपैकी बरीच उभीच राहिली नाहीत आणि पैसा माणसांच्या मागोमाग आला नाही. अनेक जण रस्त्यावर आणि तुरुंगात पोहोचले. असे असूनही परत जुन्या वाटेने जाणे हा उपाय नव्हे: १९९९ च्या ओल्मस्टेड खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, समुदायात राहू शकणाऱ्या व्यक्तीला विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे असे ठरवले. अर्जेंटिनाने २०१० च्या कायद्यात नव्या मनोरुग्णालयांना मनाई केली आणि असलेली २०२० पर्यंत पर्यायी सेवांमध्ये बदलण्याचे ठरवले. ती मुदत पाळली गेली नाही.

रुग्णालयाबाहेर सक्तीने औषध देण्याचा आदेश हा मधला मार्ग आहे का?

इंग्लंडने २००८ पासून असे आदेश सुरू केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा आदेशाखालचे रुग्ण आणि सौम्य, अल्पकालीन अटींवर सोडलेले रुग्ण यांची तुलना झाली; वर्षभरात पुन्हा दाखल झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ३६ टक्केच निघाले. स्वातंत्र्यावर दीर्घकाळ मर्यादा आणूनही अपेक्षित लाभ दिसला नाही. हा उपाय सुचवणाऱ्यांनी या निष्कर्षाला उत्तर दिले पाहिजे.

आत्महत्येचा प्रयत्न हा अजूनही गुन्हा आहे का?

बऱ्याच देशांत राहिलेला नाही. इंग्लंड आणि वेल्सने १९६१ मध्ये, आयर्लंडने १९९३ मध्ये, सिंगापूरने २०२० पासून, पाकिस्तानने २०२२ मध्ये आणि घानाने २०२३ मध्ये तो गुन्ह्यांच्या यादीतून काढला. भारतात २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम नाही. मात्र सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न २२६ व्या कलमाखाली गुन्हा ठरवला आहे. उपोषणकर्त्यांविरुद्ध त्याचा वापर होऊ शकतो, म्हणून त्यावर लक्ष ठेवणे गरजेचे आहे.

मतदान, विमा आणि नोकरी यांचे काय?

मतदानाबाबत युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये हंगेरीविरुद्धच्या खटल्यात ठरवले की पालकाच्या देखरेखीखाली आहे एवढ्या कारणाने कोणाचाही मताधिकार सरसकट काढता येत नाही. विम्याच्या बाबतीत अमेरिकेचा २००८ चा कायदा मानसिक आजाराच्या संरक्षणावर शारीरिक आजाराहून कडक आर्थिक अटी घालू देत नाही, आणि भारतीय कायद्याचे २१ वे कलम विमा कंपन्यांना दोन्ही आजारांना समान पायावर संरक्षण देण्यास सांगते. नोकरीच्या संदर्भात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, आजारामुळे घडलेल्या वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव असल्याचे सांगितले. विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्यांमध्ये मात्र अनेक देशांत जुनी, अपमानकारक भाषा आजही जशीच्या तशी आहे; मानसिक आरोग्याचा कायदा सुधारताना तिकडे कोणी पाहत नाही.

कायदा चांगला असूनही फरक का जाणवत नाही?

पहिले कारण पैसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार सरकारे आपल्या आरोग्यखर्चाच्या साधारण २ टक्केच रक्कम मानसिक आरोग्यावर खर्च करतात, आणि त्यातलाही मोठा वाटा मनोरुग्णालयांकडे जातो. दुसरे कारण यंत्रणा. पुनर्विलोकन मंडळे कायद्यात असतात, पण सदस्य नेमलेले नसतात. नेमलेले असले तर मानधन, कार्यालय आणि लिपिक नसतो. मंडळच नसेल तर सात दिवसांत कळवायचे कोणाला, असा साधा प्रश्न उभा राहतो आणि मुदत विनाबोभाट उलटते. तिसरे कारण बाहेरून येणाऱ्या नजरेचा अभाव. छळविरोधी कराराच्या २००२ च्या ऐच्छिक प्रोटोकॉलने (पूरक कराराने) पूर्वसूचनेशिवाय अशा ठिकाणांना भेटी देणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेची कल्पना मांडली आहे. तिचा अधिकार केवळ तुरुंगांपुरता मर्यादित नसून मनोरुग्णालयांनाही लागू होतो.

नव्या मसुद्यावर मत नोंदवताना काय तपासावे?

उद्देशिका आणि हक्कांची यादी वाचण्यात फार वेळ घालवू नका. ती जवळपास सगळीकडे सुंदर असते. प्रत्येक हक्कापुढे कोणत्या अधिकाऱ्याचे नाव आहे, त्याला किती दिवसांची मुदत आहे, आणि ती उलटली तर आपोआप काय घडते, ते शोधा. मुदत संपल्यावर भरती आपोआप संपुष्टात येते की आपोआप वाढते, यावर त्या कायद्याची खरी दिशा कळते. पुराव्याचा भार कोणावर आहे तेही पाहा: आपण बरे आहोत हे रुग्णाने सिद्ध करायचे, की त्याला ठेवणे आवश्यक आहे हे रुग्णालयाने? मोफत वकिलाची तरतूद सुनावणीच्या आधी मिळते की नंतर, हाही तपासण्याचा मुद्दा आहे. मंडळात स्वतः मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्तींना जागा आहे का, असल्यास किती आणि मताधिकारासह आहे का, हे विचारा. आणि शेवटच्या काही पानांवरचा आर्थिक तक्ता जरूर वाचा. तो जोडलेलाच नसेल तर आक्षेपाचे पहिले वाक्य त्यावरच लिहा.

जुन्या कायद्याखाली आधीच आत असलेल्या माणसांचे पुढे काय होते?

संक्रमणाच्या तरतुदी हा मसुद्यातील सर्वात दुर्लक्षित भाग आहे. नवा कायदा नव्या भरतीला लागू होतो, पण वीस वर्षांपासून आत असलेल्या आणि घरचा पत्ता हरवलेल्या माणसाची फाईल कोणी उघडायची, हे लिहिलेले नसते. आयर्लंडच्या २०१५ च्या कायद्याने, न्यायालयाच्या जुन्या पालकत्वाखाली असलेल्या प्रत्येक प्रौढाच्या प्रकरणाचे, कायदा अमलात आल्यापासून तीन वर्षांत पुनर्विलोकन करून त्यांना त्या व्यवस्थेतून मुक्त करण्याचे बंधन घातले. मसुद्यात अशी मुदत नसेल तर ती मागावी; सोबत, सुटका झालेल्याला राहायला जागा, ओळखपत्र, बँक खाते आणि चालू औषधाची चिठ्ठी मिळाल्याशिवाय त्याला दाराबाहेर सोडले जाणार नाही, अशी अटही मागावी.